चार आवाजांत मराठी

कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. दुसऱ्याच दिवशी फिनलंड ‘कालेवाला’ दिन पाळतो. एलियास ल्योनरोट यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या गाण्यांतून हे महाकाव्य उभं राहिलं. प्रस्तावनेवरची तारीख २८ फेब्रुवारी १८३५. तेव्हा देशावर सत्ता रशियाची होती, शिकलेल्यांची भाषा स्वीडिश आणि फिनिश शेतकऱ्यांची. तिला सभागृहात मानानं उभं करण्यात गायकवृंदांचा वाटा मोठा. हेलसिंकीच्या विद्यार्थ्यांनी १८८३ मध्ये फिनिश गाणारा पुरुषवृंद काढला. घरी स्वीडिश बोलणारे संगीतकार सिबेलियस त्या वृंदासाठी लोककाव्याला चाली लावू लागले. १८९८ मध्ये त्यांनी अलेक्सिस किवींच्या कादंबरीतली एक अंगाई घेतली. तिच्यातलं मूल मृत्यूच्या राईत सुखानं निजतं. साथीला एकही वाद्य नाही, नुसते पुरुषांचे दबलेले आवाज. अशा गाण्यात शब्दाला आडोसा नसतो. एकाचा उच्चार सैल पडला तरी सगळी ओळ डळमळते.

आपल्याकडे शब्दांची वाण नाही. जात्यावरच्या ओव्याच केवढ्या! पण मराठी कविता घराघरांत पोचली ती भावगीत होऊन, बहुधा एका गळ्यातून, पेटी-तबल्याच्या साथीनं. ते वैभवच आहे. संगीतकार वसंत देसाईंनी शाळकरी मुलांना एकत्र गायला शिकवण्याचा ध्यास घेतला, तोही सगळ्यांनी एकाच सुरात गाण्यासाठी. चार वेगळ्या सुरावटींत, वाद्यांविना, आपली कविता क्वचितच ऐकू आली.

ती मुंबईत, वांद्र्यात ऐकू यायला हवी. रेल्वेरुळांच्या पश्चिमेला चर्चच्या क्वायरमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर, बास पिढ्यान्‌पिढ्या घोटले गेले आहेत आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मराठीची स्वतःची बोली नांदते. पूर्वेला, साहित्य सहवास या लेखकांच्या वसाहतीत, कवी विंदा करंदीकर राहिले. त्यांच्या ‘तालचित्रां’त ठेका शब्दांतच आहे, तबला लागतच नाही.

चार आवाजांत रागाचा गाभा हरवेल, ही जाणकारांची शंका रास्त आहे. चर्चच्या प्रार्थनेची चाल उचलून मराठी शब्दांवर बसवली, तर तो हरवेलच. म्हणून ओवीची लय रक्तात असलेल्या संगीतकाराकडूनच नवी रचना करून घ्यावी लागेल, आणि तिचं मानधनही द्यावं लागेल. गौरव दिनाच्या हारतुऱ्यांतून तेवढा खर्च सहज निघेल. पुढच्या फेब्रुवारीसाठी तालमी पावसाळ्यातच सुरू व्हायला हव्यात.