कोल्हापूर-नागपूर : एक तास वीस मिनिटं?

नेटवर कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साईट्स आहेत. कोल्हापूर आणि नागपूर ही नावं टाका. उत्तर येतं : साधारण 700 किलोमीटर, एक तास वीस मिनिटं. (गंमत म्हणजे समृद्धी महामार्गही 701 किलोमीटरचाच आहे, पण तो नागपूरहून मुंबईकडे जातो!)

आता हे 700 म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवर ताणलेली दोरी. वेळही नुसती हिशोबाची. ताशी 800 किलोमीटर वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवायचा. विमान पंख्याचं एटीआर असेल तर वेग पाचशेच्या आसपास, म्हणजे साधारण अर्धा तास जास्त. त्या दोन गावांत मुळात विमान जातं का, हे तर त्या साईटच्या गावीही नसतं. नावं टाका, वेळ तयार :)

अर्ध्या तासाने काही बिघडत नाही म्हणा. आपली महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असं करत नागपूरला पोचायला चोवीस तासांहून जास्त घेते. विमानाचे घरापासून घरापर्यंत पाच तास धरले तरी फरक केवढा! म्हणून मला वाटतं, अशा मार्गावर 'किती वेळ लागतो' हा प्रश्नच दुय्यम आहे. खरा प्रश्न, पुढचं विमान कधी?

आजी कोल्हापूरला वारली तेव्हा आत्या नागपूरला होती. तिच्यासाठी थांबायचं का, यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. शेवटी थांबले नाहीत. आत्या पोचली ती अस्थी गोळा करायच्या दिवशी. समजा, आठवड्यातून तीन दिवस विमान असतं तर? आजचं चुकलं की परवाचं. एक तास वीस मिनिटांचे दोन दिवस झाले की हो.

'उडान' योजना 2016 साली आली. मार्ग परवडावा म्हणून तीन वर्षं अनुदान, हेतू चांगलाच. पण 2023 च्या कॅगच्या अहवालातले आकडे बघा. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. उरलेल्या 371 पैकी तीन वर्षं पूर्ण केली 112 नी, आणि त्यानंतरही टिकले फक्त 54. उद्घाटनाचे फोटो मात्र सगळ्यांचे छापून आले असतील.

माझं म्हणणं एवढंच, की अनुदान देताना मार्ग किती आणि सीट्स किती यापेक्षा आठवड्यातले दिवस किती, हे आधी बघावं. तीन दिवसांचं विमान देवदर्शनाला ठीक, ती तारीख आपण ठरवतो. आजारपण, मयत, अचानक आलेला इंटरव्ह्यू यांची तारीख कोण ठरवणार? एकोणीस सीटचं विमान द्या, दोन तास लागू देत, पण रोज द्या.

नागपूरकर मंडळी, तुम्हाला काय वाटतं?