तारे-तारकांचे आजारपण आणि किशोरवयीन चाहते

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. एका माजी क्रिकेटपटूची चित्रफीत हे त्याचे निमित्त होते. पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय नवज्योतसिंग सिद्धू यांनी दूध आणि साखर वर्ज्य करणे, हळद आणि कडुनिंबाचे सेवन अशा आहारातील बदलांना दिले होते. या पदार्थांवर संशोधन सुरू असले तरी कर्करोगावरील उपाय म्हणून त्यांची शिफारस करावी इतका पुरावा उपलब्ध नाही आणि रुग्णांनी त्यांच्या भरवशावर उपचार लांबणीवर टाकू नयेत, असे तज्ज्ञांनी स्पष्ट केले. रुग्णावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, याकडेही रुग्णालयाच्या संचालकांनी लक्ष वेधले. पुढे सिद्धू यांनी आहार हा उपचारांना साहाय्यभूत समजावा, असा खुलासा केला.

त्याच वर्षी २ फेब्रुवारीला अभिनेत्री पूनम पांडे यांचे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाल्याची वार्ता त्यांच्याच इन्स्टाग्राम खात्यावरून प्रसृत झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण हयात असल्याचे जाहीर केले आणि या आजाराविषयी जागृती व्हावी, हा आपला हेतू असल्याचे सांगितले. विशेष म्हणजे आदल्याच दिवशी, १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात, ९ ते १४ वर्षे वयोगटातील मुलींच्या प्रतिबंधक लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली होती. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल आढळणाऱ्या या रोगाची गंभीर चर्चा व्हायची ती एका खोट्या निधनवार्तेभोवती फिरत राहिली.

या दोन घटनांमधून एक प्रश्न समोर येतो. प्रसिद्ध व्यक्तीने आपल्या किंवा आप्ताच्या आजाराविषयी बोलावे काय, आणि बोलल्यास ते ऐकणाऱ्या किशोरवयीन चाहत्यांनी त्यातून काय घ्यावे?

एकतर्फी जिव्हाळा

२०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वर्षे वयोगटातील मुलामुलींची संख्या २५ कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश होती. या वयात आईवडिलांच्या छायेतून बाहेर पडून स्वतःची ओळख घडवण्याची धडपड सुरू असते आणि त्यासाठी घराबाहेरचा आदर्श शोधला जातो. खेळाडू, नटनट्या, गायक ही जागा सहज घेतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच या नात्याची मीमांसा केली होती. पडद्यावरील व्यक्ती आपल्याशीच बोलत आहे असे प्रेक्षकाला वाटते आणि जवळीक निर्माण होते, पण ती एकतर्फी असते. दूरचित्रवाणीच्या आरंभकाळातील हे निरीक्षण भ्रमणध्वनीच्या युगात अधिकच लागू पडते.

बहुतेकांच्या बाबतीत हे वेड निरुपद्रवी असते. मित्रमैत्रिणींमध्ये गप्पांना विषय मिळतो आणि वय वाढते तसा त्याचा भरही ओसरतो. तथापि २००२ मध्ये मांडल्या गेलेल्या एका मानसशास्त्रीय वर्गीकरणात या वेडाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. करमणूक ही पहिली, तीव्र वैयक्तिक ओढ ही दुसरी आणि विकृतीच्या सीमेवरील आसक्ती ही तिसरी. दुसऱ्या पायरीपासून त्या व्यक्तीचे सुखदुःख चाहत्याला आपलेच वाटू लागते. म्हणूनच आरोग्यविषयक पत्रक न वाचणारा मुलगा आवडत्या खेळाडूच्या आजाराची माहिती मात्र बारकाईने वाचतो.

लाभाची बाजू

या ओढीचा सदुपयोग झाल्याची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये जेड गुडी ही दूरचित्रवाणीवरील तरुणी मार्च २००९ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावली. तिच्या आजाराचे निदान आणि मृत्यू या दरम्यानच्या काळात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे पाच लाख अधिक स्त्रियांनी तपासणी करून घेतली. मात्र ही लाट टिकली नाही, हेही नोंदवले गेले आहे.

भारतात अमिताभ बच्चन यांनी २००० मध्ये आपल्याला क्षयरोग झाला होता, हे पुढे जाहीरपणे सांगितले आणि क्षयरोगविरोधी मोहिमेत भाग घेतला. ज्या रोगाचे नाव मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून दडवले जाते, त्याला एका महानायकाने आपले म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. दीपिका पडुकोण यांनी २०१५ मध्ये नैराश्याविषयी मौन सोडले, त्याच वर्षी एका संस्थेची स्थापना केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यांना मानसिक आरोग्यदूत नेमले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. हे पाहता अशा कथनाची गरज कोणी नाकारणार नाही.

विजयगाथेच्या मर्यादा

युवराजसिंग यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०११ च्या विश्वचषक स्पर्धेत ३६२ धावा आणि १५ बळी अशी कामगिरी करून ते स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्याच वर्षी पुढे दोन फुप्फुसांच्या मधल्या भागातील अर्बुदाचे निदान झाले. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २०१२ च्या प्रारंभी केमोथेरपी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते भारतीय संघात परतले.

ही कथा लाखो मुलांना तोंडपाठ आहे. पण स्पर्धेदरम्यान खोकला आणि उलट्या होत असतानाही ते खेळत राहिले, हा भाग मुले शौर्य म्हणून लक्षात ठेवतात. आरोग्याच्या दृष्टीने धडा याच्या नेमका उलट आहे. लक्षणे अंगावर काढू नयेत, वेळीच सांगावीत. दुसरे असे की, त्यांना झालेला कर्करोगाचा प्रकार केमोथेरपीला उत्तम प्रतिसाद देणारा आहे. सर्वच कर्करोग तसे नसतात. ‘तो लढला म्हणून जिंकला’ या वाक्यात ‘जो हरला तो लढला नाही’ असा अर्थ नकळत दडलेला असतो. ज्या मुलाची आई योग्य उपचार घेऊनही वाचली नाही, त्याच्या मनावर हा अर्थ किती खोल जखम करीत असेल, याचा विचार क्वचितच होतो.

परदेशी उपचारांचा खर्च पेलणे हाही सर्वसामान्यांच्या आवाक्यातील विषय नाही. परळच्या पदपथावर मुक्काम करून आपला क्रमांक लागण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचा कर्करोग वेगळाच असतो. त्यात औषधाइतकाच प्रश्न रोजगार बुडण्याचा, राहण्याच्या जागेचा आणि गावाकडे ठेवलेल्या मुलांच्या शाळेचा असतो.

सामान्यांचे अनुभवकथन

म्हणूनच सामान्य रुग्णांच्या अनुभवांचे मोल मोठे आहे. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशनाच्या कामात सामावून घेतले. ‘मीही येथेच बसलो होतो’ हे वाक्य जो परिणाम साधते, तो उपदेशाने साधत नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकाराने २००९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘उगम’ या गटात बालपणी कर्करोगातून बरे झालेले तरुण एकत्र येतात. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातही बरे झालेल्या रुग्णांना प्रशिक्षण देऊन ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून वस्त्यांमध्ये पाठवले जाते. केस गळाल्यावर शाळेत कसे जायचे, औषधाने मळमळ झाली तर काय खायचे, मित्र दूर बसू लागले तर काय बोलायचे, या प्रश्नांची उत्तरे अशाच व्यक्तींपाशी असतात. त्यांच्याशी असलेले नाते दुतर्फी असते. प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मिळते.

अर्थात, येथेही सावधगिरी हवी. एकाचा अनुभव हा दुसऱ्याचा औषधोपचार नव्हे. शिवाय भावनेच्या भरात आपल्या आजाराची माहिती सर्वांसमोर मांडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ती पुढे मागे घेता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही. या तरतुदीमागील भावना सर्वच आजारांना लागू व्हावी, अशी अपेक्षा आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. आरोग्यतज्ज्ञ म्हणून वावरणाऱ्यांनी, आपला सल्ला हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट करावे असे त्यांत म्हटले आहे. पण नियम पाळले गेले तरी निर्णय अखेर घरात होतो. मुलाने आवडत्या नटाच्या आजाराची बातमी दाखवली, तर त्या वेडाची थट्टा करण्याऐवजी ‘त्याला नेमके काय झाले होते, उपचार कोणते झाले?’ असे विचारणारा पालक किंवा शिक्षक त्या ओढीला ज्ञानाची वाट दाखवू शकतो. त्या संभाषणात कदाचित मुलाचे स्वतःचे दुखणेही बाहेर येईल. अनेकदा मुले दुसऱ्याच्या नावाने आपलेच सांगत असतात.

अशा वेळी आधाराची गरज भासल्यास ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.