गोम बैलाच्या पाठीवर, की आपल्या डोक्यात?

रोवणे आटोपले, पाऊस दोन दिवस उघडला आहे, निंदनाला अजून आठवडा आहे. म्हणून बरेच दिवसांपासून मनात साचलेलं लिहून टाकतो. आज तुडतुडा नाही, युरिया नाही. बैलाच्या केसांवर लिहितो. हसू नका, विषय शेवटी पैशाचाच आहे, आणि थोडा त्याच्याही पलीकडचा.

जूनमध्ये चिखलणीच्या आधी बैलबाजारात गेलो होतो. सोबत आमच्याच टोलीतली एक बाई आणि तिचा भाऊ. नवरा मागच्या पावसाळ्यात साप चावून गेला. तीन एकर धान, पोरगी बारावीला, बैलांमागं राहायला घरात माणूस नाही. म्हणून अवंदा ट्रॅक्टरनं भागवायचं ठरवून जोडी विकायला काढली. जोडी आपल्या चौरास भागात शोभेल अशी, कठाणी वळणाची, पांढुरकी, खुरानं टणक, गुडघाभर चिखलात न थांबणारी. माझी फसलेली बंडी याच जोडीनं एकदा नाल्यातून ओढून काढली आहे.

व्यापाऱ्यानं दात पाहिले, चालवून पाहिलं. मग डाव्या बैलाच्या पाठीवर तळहात फिरवला आणि मधेच थांबला. "बाई, याला तर गोम हाय जी." कण्यावर वीतभर केस उलटे, शेपटीकडून खांद्याकडं गेलेले. मग आवाज बारीक करून, पण आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "मालक गेला ना यांचा? मंग आता अजून काय सांगू?"

जोडीचे सत्तर हजार धरून आलो होतो. अठ्ठेचाळीसला सौदा तुटला.

पैसे भावानं मोजले. बाई बैलाकडं पाहत होती. परत येताना विचारते, "खरंच असते का जी भाऊजी तसं?" नवरा गेल्याचं दुःख होतंच. आता त्यावर हे नवीन ओझं, की घरातल्या बैलानंच त्याला खाल्लं आणि आपण त्याला सहा वर्षं ढेप चारली. बावीस हजार गेले ते गेले, पण हे ओझं तिच्या डोक्यावर कोणी ठेवलं?

मी तिथंच उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही. कारण दोन वर्षांआधी मीही एक गोऱ्हा कपाळावरच्या भोवऱ्यावर बोट ठेवून चार हजारांनी पाडून घेतला होता. तो गोऱ्हा आज माझ्या गोठ्यात आहे आणि झकास चालतो.

"यात काहीतरी गोम आहे" असं आपण बोलता बोलता म्हणतो. ती गोम हीच, जनावराच्या अंगावरची. म्हणजे ही खोड इतकी जुनी की भाषेत मुरली आहे.

मी दहावी पास माणूस. पण पोरगा कृषी पदवीला आहे, त्याला म्हटलं की इंग्रजीत यावर काय लिहिलं आहे ते वाचून सांग. गावात लसीकरणाला येणाऱ्या पशुवैद्यक डॉक्टरांनाही विचारलं. त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

आधी पांढऱ्या खुणा. कपाळावरची चांदणी, पांढरे पाय, शेपटीचा पांढरा गोंडा, पोटाखालचा पट्टा. या खुणा नेमक्या याच जागी का येतात? गाभात वासरू अगदी लहान असताना कातडीला रंग नसतो. रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या रेषेजवळ तयार होतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली सरकत, वाढत जातात. आता कालवा डोळ्यासमोर आणा. पाणी सुटलं की वरच्या बांध्या आधी भरतात. पाणी कमी सुटलं किंवा उशिरा सुटलं तर कोरडी राहते ती टेलची बांधी. कपाळाचा मधला भाग, खूर, पोट, शेपटीचं टोक ही जनावराच्या अंगावरची टेलची बांधी आहे. रंगाच्या पेशी तिथपर्यंत पोचल्या नाहीत की जागा पांढरी राहिली. यात देवाचा कोप नाही आणि कृपाही नाही.

त्यातही गंमत पाहा. पंजाबातली निली-रावी म्हैस कपाळ, पाय आणि शेपटीचा गोंडा पांढरा म्हणून मिरवते, तिला कौतुकानं पंचकल्याणी म्हणतात. आपली नागपुरी म्हैस काळी, पण तिच्याही तोंडावर, पायावर कधी कधी पांढरे डाग येतात. त्याच पेशी, तोच प्रकार. एका मुलखात त्या डागाचे पैसे चढतात आणि दुसरीकडं गिऱ्हाईक नाक मुरडतं. डाग खरंच काही सांगत असता तर त्यानं सगळीकडं एकच सांगितलं असतं.

कोणता ठिपका कुठं पडेल हे पूर्णपणे रक्तावरही नसतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये 2001 साली एका तिरंगी मांजरीची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, प्रयोगशाळेत तयार केली. रक्त तेच, पण पिल्लाच्या अंगावरचे रंग आईसारखे उतरले नाहीत. मग शेजारच्याच्या आणि माझ्या गाईचे डाग सारखे नाहीत म्हणून कोणाचं भविष्य काय सांगणार?

पट्ट्यांचंही थोडं सांगतो. ॲलन ट्युरिंग नावाचा इंग्रज गणिती होता, संगणकाच्या पायाभरणीतला माणूस. त्यानं 1952 साली कागदावर गणित मांडलं की दोन रसायनं, एक वाढवणारं आणि एक दाबणारं, वेगवेगळ्या वेगानं पसरली तर आपोआप ठिपके आणि पट्टे तयार होऊ शकतात. वाघाचे पट्टे कोणी आखून दिलेले नाहीत. पण ते टिकले, कारण कामाचे होते. हरणाला लाल आणि हिरवा यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही. आपल्याला भडक दिसणारा वाघाचा तांबूस रंग त्याला झाडोऱ्याच्या हिरव्यातच मिसळलेला दिसतो आणि पट्ट्यांनी अंगाचा आकार मोडतो. रानडुकराची पिल्लं पट्टेरी असतात हे आपण धुऱ्यावरून पाहतोच, तीही गवतात दिसू नयेत म्हणूनच. आणि डुकरालाही लाल रंग लाल म्हणून दिसत नाही. तरी आपण "लालच पाहिजे" म्हणून बायकोच्या पेटीतल्या चांगल्या साड्या कुंपणाला बांधतो! साडी हलते, माणसाचा वास येतो, म्हणून डुक्कर चार दिवस बिचकते. नंतर खालून येते.

आता मूळ मुद्दा, भोवरा आणि गोम. केसाचं मूळ कातडीत तिरपं बसतं. ते कोणत्या बाजूला तिरपं व्हायचं हे पोटातच, कातडी ताणत वाढताना ठरतं. दोन दिशांचे केस जिथं भिडतात तिथं भोवरा पडतो किंवा उलटी रेघ उमटते. तुमच्या माझ्या डोक्यावरही भोवरा आहे, न्हाव्याला विचारा. दोन भोवरे असले की दोन बायका होतात म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला दोन आहेत. एक लग्न जमवताना आमच्या घराचे नाकी नऊ आले होते.

पण इथं प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर जुन्या माणसांवर अन्याय होईल. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या पशुशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1995 साली तपासणी केली. खोड्यात धरल्यावर कोणतं जनावर जास्त उसळतं हे त्यांनी नोंदवलं. ज्यांच्या कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर होता ती जनावरं जास्त बिथरणारी निघाली. म्हणजे कपाळाच्या भोवऱ्यावरून स्वभावाचा थोडाफार अंदाज येऊ शकतो. आपल्या बापजाद्यांनी भोवरा पाहायची सवय लावली त्यात हा कण खरा असेल. पण बैल भडकेल का, हा एक प्रश्न झाला. बैल मालकाला खाईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बैल खोड्यात घालून काढता येतं. दुसऱ्याचं उत्तर व्यापारी देतो, आणि नेमकं भाव ठरायच्या वेळी देतो.

मग ही खोड जात का नाही? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1948 साली आठ भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली. दाणे ठरावीक वेळानं आपोआप येत, कबुतरानं काही करो की न करो. तरी आठातली सहा कबुतरं काहीतरी खूळ धरून बसली. एक गोल फिरायला लागलं, एक कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. दाणे यायच्या वेळेला जे करत होतं त्यानंच दाणे आले असं त्याला वाटलं. आपलं याहून वेगळं नाही. त्या बाईच्या घरी हा बैल सहा वर्षं होता. त्या सहा वर्षांत कौलारू घराचं स्लॅबचं झालं, पोरगी दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाली, एका साली धानही चांगलं पिकलं. तेव्हा कोणी म्हटलं नाही की ही गोमेची कृपा. साप चावला त्या दिवशी मात्र गोम आठवली. आणि बिनगोमेच्या बैलांचे किती मालक साप चावून गेले, हे कोणी मोजलं का? रोवण्यात, कापणीत साप चावतो, कारण आपण अनवाणी बांधीत उतरतो आणि रात्री बॅटरी न घेता मोटार चालू करायला जातो.

दुसरं कारण बाजाराचं आहे आणि ते मला जास्त टोचतं. मी स्वतः गोम मानत नसलो तरी उद्या मी बैल विकायला नेला तर पुढचा मानतो. म्हणून मीही घेताना पाडूनच मागतो. सगळेच पुढच्याला भितात. त्यात ज्याला घाई आहे तो लुटला जातो. घाई कोणाला असते? दवाखाना असलेल्याला, फी भरायची असलेल्याला, नवरा गेलेल्या बाईला. मोठा कास्तकार "नाही द्यायचा" म्हणून बैल परत घेऊन जाऊ शकतो.

अंगावरच्या खुणांचा खरा उपयोग बघायचा तर तो वेगळीकडं आहे. आफ्रिकेत बोट्सवानात ओकावांगो भागात सिंह आणि बिबटे गुरं मारतात. तिथं संशोधकांनी चार वर्षं चौदा कळपांत प्रयोग केला आणि 2020 मध्ये छापला. काही गुरांच्या पुठ्ठ्यावर रंगानं मोठे डोळे काढले, काहींवर नुसत्या फुल्या, काही तशीच सोडली. डोळे काढलेल्या 683 गुरांपैकी एकही मारलं गेलं नाही. फुल्या असलेल्या 543 पैकी 4 गेली, बिनरंगी 835 पैकी 15. लपून मागून झडप घालणाऱ्या जनावराला "आपल्याला पाहिलं" असं वाटलं की ते बेत सोडतं. सुंदरबनात 1980 च्या दशकात जंगलात जाणारी माणसं डोक्यामागं मुखवटे बांधत, तेही याच कारणासाठी. तिथं पुढं वाघ सरावले असं म्हणतात, म्हणून हा रामबाण समजू नका. बोट्सवानात वाघही नव्हते. पण आपण उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या काठावर राहतो, चरायला गेलेली गाय परत येत नाही हे आपल्याला नवीन नाही. खर्च एका डबी रंगाचा.

जपानात 2019 साली सहा काळ्या गाईंवर पांढरे पट्टे ओढून पाहिले, झेब्र्यासारखे. चावणाऱ्या माशा जवळपास निम्म्या झाल्या. काळ्यावर काळे पट्टे ओढले तेव्हा फरक पडला नाही, म्हणजे गुण रंगाच्या वासाचा नव्हता. या कामाला 2025 मध्ये इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. लम्पी 2022 मध्ये कशी पसरली आठवा, चावणाऱ्या माशा आणि डास त्यातले वाहक. काळ्या संकरित गाईवर करून पाहायला हरकत नाही. म्हशीवर टिकणार नाही, ती पट्टे घेऊन सरळ डबक्यात बसेल. चुना लावू नका, कातडी भाजते, आणि ऑइलपेंटही नको.

डॉक्टर लोक आणि कृषी सहायक हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. लसीकरणाला गावोगाव जाता तेव्हा वहीत एक रकाना वाढवा. भोवरा कुठं, जनावर खोड्यात कसं वागलं. दोन वर्षांत आपल्याच ढोरांचा हिशेब हातात येईल. कास्तकार भावांनो, तुमच्या बाजारात गोमेपायी किती पैसे कापले जातात ते खाली लिहा, आकड्यासकट.

त्या जोडीचा शोध घेतला. शेजारच्या तालुक्यात एका कास्तकाराकडं आहे, पासष्टला घेतली. विचारलं, गोम दाखवली होती का? म्हणे, "कोणती गोम जी?" आता हे त्या बाईला सांगायचं आहे. चार दिवस झाले, तिच्या दारावरून जातो आणि पाय उचलत नाही.

पोळा तोंडावर आला आहे. दरवर्षी आपण बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके देतोच. अवंदा माझ्या दोन्ही गाईंच्या पुठ्ठ्यावर डोळे काढणार आहे. घरून विरोध सुरू झाला आहे. "लोक काय म्हणतील, दृष्ट लागली म्हणून काढले का?" पोरानं पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला आहे. फोटो टाकतो.