संशोधनाच्या पडद्यामागील श्रम

व्यवस्थापनशास्त्र ही तर मालकवर्गाची विद्या. तिच्या डॉक्टरेटशी श्रमिकांना काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ही विद्या उद्या कोण शिकविणार आणि कोणाच्या दृष्टीने शिकविणार, हे याच डॉक्टरेटच्या दारात ठरत असते. म्हणूनच ते दार सांभाळणाऱ्या प्राध्यापकांचा व कर्मचाऱ्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था 1961 साली स्थापन झाली. फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य आणि हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाचे सहकार्य तिला लाभले. 1971 साली तेथे डॉक्टरेटच्या तोडीचा ‘फेलो’ अभ्यासक्रम सुरू झाला. पदवी देण्याचा अधिकार मात्र अशा संस्थांना 2017 च्या कायद्याने मिळाला. तो जानेवारी 2018 मध्ये अंमलात आला आणि ‘फेलो’ची पीएच.डी. झाली.

अशा अभ्यासक्रमाची रचना साधारणपणे सर्वत्र सारखीच असते. अध्यक्षपद एखाद्या प्राध्यापकाकडे काही काळापुरते येते. प्रवेश, परीक्षा, मार्गदर्शकांची नेमणूक व प्रबंध यांविषयीचे निर्णय प्राध्यापकांची समिती घेते. पण अर्जांची छाननी, मुलाखतींची आखणी, विद्यावेतनाची बिले, बाह्य परीक्षकांशी पत्रव्यवहार, मौखिक परीक्षेची तारीख ही सारी कामे कार्यालयातील दोन-चार माणसे उरकतात. विद्यार्थी चार-पाच वर्षे राहतो. तेवढ्यात अध्यक्ष बदलतो. कोणाचे विद्यावेतन का अडले, कोणाचा मार्गदर्शक संस्था सोडून गेला, हे ठाऊक असते ते कार्यालयाला. आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याच्या वाट्याला येते एक ओळ!

हीच पदे आज उच्च शिक्षणात मोठ्या प्रमाणावर कंत्राटी होत आहेत. कंत्राट संपते, माणूस जातो आणि त्याच्याबरोबर अभ्यासक्रमाची स्मृतीही जाते. त्याची किंमत मोजतो विद्यार्थी. विशेषतः ज्याच्या घरी विद्यावेतनावाचून दुसरा आधार नाही, तो.

तथापि समन्वय म्हणजे केवळ श्रम नव्हेत, ती सत्ताही आहे. याच अहमदाबादच्या डॉक्टरेटमध्ये अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी आरक्षण नव्हते. 2021 साली गुजरात उच्च न्यायालयात लोकहित याचिका दाखल झाली. 2025 पासून आरक्षण लागू करू, असे संस्थेने 2023 मध्ये न्यायालयाला सांगितले. म्हणजे 1971 पासून अर्धशतक ‘गुणवत्ते’च्या नावाखाली दार अर्धे मिटलेलेच राहिले. या अभ्यासक्रमांतून व्यवस्थापन संस्थांचे भावी अध्यापक घडतात. तेथे दार मिटले की पुढे अध्यापकांच्या जागांसाठी ‘पात्र उमेदवारच मिळत नाहीत’, असे म्हणायला संस्था मोकळ्या!

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. कार्यालयातील नित्याची पदे कायम स्वरूपाची असावीत. समितीत कर्मचाऱ्यांना व संशोधक विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व असावे. अर्ज किती आले, मुलाखतीस किती पोहोचले, प्रवेश कितींना मिळाला आणि पदवी कितींच्या हाती पडली, यांचे प्रवर्गनिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.

इतरांना व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थांनी या कसोटीला प्रथम स्वतः उतरावे, एवढीच अपेक्षा आहे. ज्ञाननिर्मिती हे सामुदायिक श्रमाचे फळ आहे. त्या श्रमाची नोंद झाली पाहिजे आणि त्यातील सत्तेचा हिशेबही द्यावा लागला पाहिजे.