सायकल माझी, रविवार मुलांचा

पहाटे साडेपाचला मी सायकल काढते, तेव्हा आमच्या कळवणमध्ये दोनच प्रकारची माणसं जागी असतात. एक दूधवाले आणि दुसरे मार्केट यार्डाच्या रांगेत कांद्याचा ट्रॅक्टर लावून रात्र काढलेले, आता चहा शोधणारे शेतकरी. सुरुवातीला त्यांच्यापैकी कोणी ना कोणी हमखास विचारायचं, "काय ताई, एवढ्या सकाळी कुठं? कोणी आजारी आहे का?" बाई सायकलवर दिसली म्हणजे काहीतरी काम असणार, नाहीतर संकट असणार. "सहज चालले" हे उत्तर कोणाला पटायचं नाही. खरं सांगायचं तर बरेच दिवस ते मलाही पटत नव्हतं. मग मी सांगायला लागले, "डॉक्टरांनी सांगितलंय, शुगरसाठी." मला शुगर नाही, मैत्रिणींनो. पण आजाराचं कारण दिलं की बाईला मोकळीक मिळते, हे तुम्हाला मी काय वेगळं सांगावं!

याच्या जोडीला माझा दुसरा एक उद्योग आहे. आम्ही तीन-चार जणी मिळून आठवी ते बारावीच्या मुलामुलींना रविवारी डोंगरात नेतो. आपल्याकडे डोंगरांची काय कमी? सप्तशृंगी समोर, तिच्या पुढ्यात मार्कंड्या, पलीकडे रवळ्या-जवळ्या. थोडं बागलाणात गेलं की साल्हेर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला. १६७२ ची साल्हेरची लढाई आमची मुलं परीक्षेत लिहितात, पण किल्ला पाहिलेला नसतो. गावातल्या मुली तर चैत्राच्या यात्रेला आईचा हात धरून गडावर गेलेल्या, तेवढंच. पाड्यांवरची मुलं मात्र आमच्या फार पुढे आहेत. मी दम खात एखादा टप्पा चढते तोवर ती वर पोचून करवंदं खात बसलेली असतात. तिथे कोण कोणाला शिकवतं हा प्रश्नच आहे.

या दोन गोष्टी अनेक दिवस वेगवेगळ्या चालल्या होत्या. मग एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही नाहीतरी सायकल चालवताच, मग मुलांनाच सोबत घ्या की. तेवढंच समाजकार्य." मला ते एकदम पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्या सायकलला कारण मिळालं होतं. शुगरपेक्षा चांगलं कारण!

म्हणून एका हिवाळ्यात आम्ही पंधरा मुलं घेऊन नांदुरीला गेलो आणि तिथून घाट चढलो. नांदुरीहून गड सुमारे दहा किलोमीटर. चढताना बहुतेकांनी सायकली ढकलल्या, गाणी म्हटली, दर्शन झालं, भाकरी-चटणी झाली. खरा प्रश्न उतरण्याचा असतो. आधीच्याच आठवड्यात मी एकटी तो घाट उतरले होते. कानात वारा, समोर सगळं खोरं पसरलेलं आणि हातात गिअरची सायकल. तो आनंद डोक्यात होता. मुलांच्या सायकली साध्या, कितीतरी वर्षं वापरलेल्या. निघताना प्रत्येकाचे ब्रेक तपासायचे, हे माझ्या यादीत लिहिलेलं होतं. मी तपासले नाहीत. मी पुढे निघाले, कारण मला पुढे राहायला आवडतं.

तिसऱ्या वळणावर नववीतली एक मुलगी पडली. ब्रेकची रबरं झिजून पत्रा लागला होता. मनगट मोडलं, गुडघे सोलले. नशीब एवढंच की ती डोंगराच्या बाजूला पडली. याच घाटात जानेवारी २००८ मध्ये भाविकांची बस दरीत गेली होती, जुलै २०२३ मध्ये एसटी गेली. हे सगळं मला ठाऊक असून मी पुढे निघाले होते.

दवाखान्यात तिची आई आली. ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून पाठवलं होतं."

त्यानंतर पाच महिने मी सायकल काढली नाही. गावात बोललं जात होतंच, "बाईंना सायकलचा नाद, त्यात पोरीचा हात गेला." प्रायश्चित्त म्हणून मीही ते मान्य करून टाकलं. रविवारच्या सहलीही बंद पडल्या. मुलांच्या नाही, मुलींच्या बंद पडल्या. हे लक्षात यायला मला वेळ लागला. मुलगे काय, एकमेकांना हाक मारून कुठेही जातात, चणकापूरच्या धरणावर जातात, न सांगताही जातात. मुलीला मात्र सोबत कोण बाई आहे, हे घरात सांगावं लागतं. सोबत बाई नाही म्हणजे डोंगर नाही.

त्या पाच महिन्यांत मी बराच विचार केला, आणि माझं मत पार बदललं. चूक सायकलच्या नादाची नव्हती. नाद आणि जबाबदारी एकाच भांड्यात शिजवली, ही चूक होती. एकटी असताना मी वेगात उतरते, तो माझ्या हाडांचा प्रश्न. मुलं सोबत असतील तेव्हा माझा वेग, माझी हौस, माझी पुढे राहण्याची खोड, कशालाच तिथे जागा नाही.

मला बाबा आमट्यांची 'भारत जोडो' यात्रा आठवते. १९८५-८६ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवरून कन्याकुमारीहून काश्मीरला गेले. पुढे १९८८-८९ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत झाली. बाबा स्वतः सायकलवर नव्हते. पहिल्या यात्रेत ते सत्तरी ओलांडलेले, पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नव्हतं. गाडीत आडवं पडून ते सोबत राहिले. म्हणजे मुलांना इतक्या लांब नेणाऱ्या माणसाने एकही पॅडल मारलं नव्हतं! नेणाऱ्याचं काम वेगळं असतं, हे मला त्यातून उमगलं.

आणि याच्या उलट बाजूला पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये, विशीतली ही मुलगी एकटी सायकलवरून जगाला फेरी मारून आली, सुमारे २९ हजार किलोमीटर. तिने कोणाला सोबत नेलं नाही, कोणाला शिकवलं नाही. म्हणून ते कमी झालं का? आपल्या नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी करून आले, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. पुरुषाचा छंद छंद म्हणून खपतो. आपल्या छंदाला मात्र कोणाचं तरी भलं चिकटवावं लागतं. लोणची घातली तर बचत गटासाठी, गाणं शिकलो तर भजनी मंडळासाठी, पोहायला गेलो तर गुडघ्यांसाठी. नुसतं बरं वाटतं म्हणून केलं, असं म्हणायला आपलीच जीभ अडखळते.

मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात, चांगलीच योजना आहे. सायकलमुळे कितीतरी मुलींची शाळा सुटली नाही. पण बारावी झाली की ती सायकल कुठे जाते, बघा जरा आपल्या आसपास. धाकट्या भावाकडे, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला. कामासाठी आलेली सायकल काम संपलं की जाते. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेतून हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या, पाणी आणायला, पोरांना शाळेत सोडायला, बाजाराला. त्यांच्यापैकी किती जणी कधी नुसत्याच, कुठेही न जाण्यासाठी निघाल्या असतील, असं माझ्या मनात येतं.

तर आता माझी वाटणी ठरलेली आहे. मंगळवार आणि शुक्रवार पहाट माझी. तेव्हा मी अभोण्याच्या रस्त्याला लागते, कोणाला सोबत घेत नाही, कोणी विचारलं तर "सहज" म्हणते. घरी आधी कुरकुर झाली. पण डबा सात ऐवजी साडेसातला झाल्याने आभाळ कोसळलं नाही. माझे यजमान चहा करायला शिकले, पोह्यांपर्यंत अजून गाडी आलेली नाही.

रविवार मुलांचा. त्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे असते. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलीच्या मागे, माझे पाय कितीही शिवशिवले तरी. घाट सायकलने उतरायचा नाही, टेम्पोत सायकली टाकून खाली यायचं. मोहाच्या पोळ्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नाही. मार्चनंतर दहाच्या आत खाली. पालकांची सही हवी, आणि एका पालकाने तरी सोबत यावं. शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. ते आमच्यासारख्या हौशी मंडळींनी निदान वाचावं, आणि सहली काढणाऱ्या शाळांनी तर वाचावंच. शाळांना एक विनंतीही आहे. सहलीला एखादी शिक्षिका फक्त मुली मोजायला नेऊ नका. तिला डोंगर आवडतो का, हे आधी विचारा.

ती मुलगी आता अकरावीत आहे. मनगट जुळलंय, थंडीत जरा दुखतं म्हणते. सपाटीवर सायकल काढायची असेल त्या रविवारी निघण्याआधी सगळ्यांचे ब्रेक तीच तपासते, रबरावर नख घासून बघते. दोघातिघांना तिने परतही पाठवलंय. तिची आई फाटकापर्यंत येते, माझ्याकडे न बघता मुलीला म्हणते, "हळू जा," आणि आम्ही वळणापर्यंत जाईतो तिथेच उभी असते.