‘आम्हाला काय कळतंय?’ म्हणू नका!

परवा आमच्या बचत गटाच्या मसाला केंद्रात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा आला. म्हणाला, “काकू, विंडोज टेन बंद झालं. तिन्ही मशीन भंगारात घाला, नवीन घ्या.” सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. तीन नवे कॉम्प्युटर म्हणजे दिवाळीला वाटायचा नफा गेलाच की!

पूर्वी मी नुसती मान डोलावली असती. २०२० च्या जानेवारीत विंडोज सेव्हनची मुदत संपली, तेव्हा तेच केलं होतं. आलेल्या माणसाने मशीन कोरं करून नवं विंडोज टाकून दिलं. संध्याकाळी बघतो तर गिऱ्हाइकांचे पत्ते, उधारीची यादी, सगळं पुसलेलं! आम्ही चौघी त्याच खोलीत चहा पीत बसलो होतो. ‘आतल्या हिशेबाचं काय करणार?’ एवढं एकीनेही विचारलं नाही. पुढे दोन महिने जुन्या वह्यांवरून आकडे भरत बसलो. काही उधारी तर बुडालीच.

म्हणून या वेळी आधी माहिती काढली. विंडोज टेनची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे खरं. पण म्हणून मशीन बंद पडत नाही. नव्या चोरवाटा बुजवल्या जात नाहीत, एवढंच. बँकेचे व्यवहार त्यावर करणं मात्र धोक्याचं. विंडोज इलेव्हनला किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि यादीतला प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ लावलं, की मशीन चालेल की नाही ते कळतं.

आमचं एक मशीन चाललं! त्यातला सगळा हिशेब आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला आणि मगच त्यावर इलेव्हन घातलं. बिलं आणि बँक आता तिथेच. दुसऱ्यावर ‘लिनक्स मिंट’ टाकलं, तेही फुकट. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही, पण पत्रं लिहायला ते छान आहे. तिसरं लेबलं छापतं. त्याचं इंटरनेट काढून टाकलं. नवं मशीन सवडीने, एकेक करून घेऊ.

मैत्रिणींनो, त्या मुलाची चूक नाही, तो दुकानच चालवतो. चूक आपली. दहा रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करणाऱ्या आपण मशीनपुढे मुक्या का होतो? हिशेब आपला, पैसा आपला, मग प्रश्नही आपणच विचारायला हवेत. काय बदलणार? का बदलणार? आतली माहिती कुठे ठेवली? या तीन प्रश्नांना इंजिनिअर व्हावं लागत नाही.