जीपचे बोनेट मालकानेच उघडावे

यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, चोपड्याच्या वर सातपुड्यातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर, साक्रीच्या डोंगराळ भागात वीस-पंचवीस वर्षांची जीप आजही कामाची गाडी आहे. महिंद्राने 1947 साली भारतात विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर कमांडर आली, मार्शल आली, पण बांधणीचा गाभा तोच राहिला: खाली मजबूत चॅसी, पाट्यांवर बसलेले अ‍ॅक्सल आणि पुढे सहज हात पोहोचेल असे इंजिन. अशा गाडीची नेहमीची देखभाल मालकाने स्वतः शिकून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. त्यात पैसे वाचतात हे खरेच, पण मुख्य कारण वेगळे आहे. आपल्या भागात जीप ज्या कारणांनी खिळखिळी होते ती कारणे हळूहळू काम करतात आणि गाडी रोज पाहणाऱ्यालाच ती वेळेवर दिसतात.

फुफाट्याचेच पाहा. जुन्या डिझेल जीपमध्ये बहुधा तेलाचा एअर क्लीनर असतो. आत येणारी हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे तेल बरेच दिवस टिकते. कापसाच्या आणि केळीच्या वाहतुकीत, उन्हाळ्यातल्या शेतरस्त्यांवर मात्र ते पाहता पाहता गाळ होऊन बसते. मग धूळ सिलिंडरपर्यंत पोहोचते, रिंगा आणि लायनर घासतात, गाडी ऑइल खाऊ लागते आणि शेवटी इंजिन उतरवावे लागते. वाटी खोलून, डिझेलने धुऊन, ठरलेल्या खुणेपर्यंत नवे ऑइल भरायला अर्धा तासही लागत नाही. पाण्याची गोष्ट अशीच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा रेडिएटरची खरी परीक्षा असते, आणि आपण त्यात बोअरचे जड पाणी ओततो. त्यातला क्षार नळ्यांत बसतो आणि एखाद्या घाटात इंजिन तापते. पावसाळ्यात दुसराच धोका. चालून तापलेले डिफरन्शियल नाल्याच्या गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. नंतर प्लग काढून पाहिला आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर ते त्याच दिवशी बदलायला हवे. तसेच चालवले तर बेअरिंग आणि दाते गेलेच म्हणून समजा. काळ्या मातीचा चिखल पाट्यांच्या बुशांत आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये शिरतो. त्यावर उपाय एकच, ग्रीस गन, आणि तीही चिखल वाळून दगड होण्याआधी. सहा महिन्यांनी गाडी पाहणाऱ्या मेकॅनिकने हे ओळखावे कसे?

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. अर्धवट माहितीवर ब्रेक खोलणे म्हणजे स्वतःच्याच नव्हे, समोरून येणाऱ्याच्याही जिवाशी खेळ. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजेक्शन पंप जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावेत. मात्र ब्रेक ऑइलची पातळी उतरली आहे, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते आहे, स्टिअरिंगमध्ये ढिलाई आली आहे, हे मिस्त्रीला सांगायला मालकच लागतो. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना मिळतात, तिथे मदत लवकर सापडते. पाड्यावर सापडत नाही. शिकलेल्या मालकामुळे मिस्त्रीचे काम बुडत नाही, उलट त्याला नेमके काम मिळते.

दुसरा आक्षेप असा की जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या भंगारातच जाव्यात. जुने इंजिन नव्याइतके स्वच्छ चालणार नाही, हे मान्य. तरीही काळ्या धुरामागे बऱ्याचदा तुंबलेला एअर क्लीनर आणि बिघडलेले नोझल असते. केंद्राने 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5000 रुपये केले, म्हणजे जुनी गाडी ठेवणे महाग केले, बंद नाही. 2021 च्या भंगार धोरणातही मुख्य कसोटी फिटनेसची आहे. गाडीची प्रकृतीच तपासायची असेल, तर ती राखण्याचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणे हेही सरकारचे कर्तव्य ठरते.

ते आज पोहोचत नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. पण यावलच्या शेतकऱ्याला हवी आहे ती मराठीतली, चित्रांची देखभाल-पुस्तिका: कुठे कोणते ऑइल, किती, टॅपेटची फट किती. जळगाव आणि धुळ्याच्या आयटीआयमध्ये वर्कशॉप आहेत, शिकवणारे निदेशक आहेत. पेरणीआधीच्या मे महिन्यात तिथे मालक-चालकांसाठी आठवड्याभराचा वर्ग भरवावा, आणि त्यात प्रत्येकाने आपापली जीप घेऊन यावे.